मौजेला जा, पण झोप घेऊन परत या

सोमवारची सकाळ आमच्या दवाखान्यात जरा वेगळी असते. शनिवार-रविवार गोव्याला, मालवणला नाहीतर पुण्याला जाऊन आलेली कॉलेजची मुलेमुली त्या दिवशी बाकावर बसलेली दिसतात. कुणाला जुलाब लागलेले असतात, कुणाची पाठ उन्हाने भाजलेली असते, कुणाच्या गुडघ्याचे कातडे निघालेले असते आणि डोळे मात्र सगळ्यांचेच लाल असतात. 'काय झाले?' असे विचारले की 'बाहेरचे खाल्ले, डॉक्टर' एवढेच उत्तर मिळते. सोबत वडील असतील तर तेवढेही मिळत नाही.

तरुणांनी फिरायला जाणे यात काही गैर आहे असे मी मुळीच म्हणत नाही. आमच्या पिढीनेही एस.टी.च्या मागच्या बाकावर बसून धक्के खात पन्हाळा आणि गणपतीपुळे पाहिले. फरक एवढाच, की तेव्हा गाडी चालवायला एस.टी.चा ड्रायव्हर असे. आता मोटारसायकल स्वतःची असते आणि ती चालवणाराही आपल्यातलाच, म्हणजे आपल्याइतकाच जागलेला असतो. कोल्हापूरहून पुणे काय आणि पणजी काय, दोन्ही साधारण सारखीच दूर. दोनशेहून अधिक किलोमीटर. विद्यापीठात शिकणाऱ्या मुलांचा हिशेब सोपा असतो. शनिवारी दुपारी निघायचे, रात्र तिथे जागवायची, रविवारी समुद्रात डुंबायचे आणि रात्री परतीला लागायचे. म्हणजे राहण्याचा एका रात्रीचा खर्च वाचतो! या वाचवलेल्या रात्रीबद्दलच आज लिहायचे आहे.

एक पहाट

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमचे गाव आजरा-आंबोलीच्या वाटेवर आहे. ऊसतोडणीचे दिवस होते. सोमवारी पहाटे साडेचारच्या सुमारास दार वाजले. दोन मुले गोव्याहून मोटारसायकलवरून परतत होती आणि रस्त्याकडेला उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर मागून आदळली होती. मागे बसलेल्याची मांडी मोडली होती; तो वाचला. गाडी चालवणारा मी पोहोचण्यापूर्वीच गेला होता. रस्त्यावर ब्रेक दाबल्याची खूण नव्हती.

त्याचे वडील आले तेव्हा उजाडले होते. त्यांनी मला एकच विचारले, "पोरगं प्यालं होतं काय, डॉक्टर?"

मी म्हणालो, "नाही. वासही नव्हता." नंतरच्या तपासणीतही मद्याचा अंश आढळला नाही. मागे बसलेल्या मुलाने सांगितले, की दोन दिवसांत दोघे मिळून तीन-चार तासही झोपले नव्हते.

वडील बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मीच फोन केला होता. सकाळी दारात दिसला नाहीस तर बघ, म्हटलं होतं."

त्यावर बोलण्यासारखे माझ्यापाशी काही नव्हते. आज आहे, म्हणून हा लेख.

झोप ही उधारी आहे

झोप टाळता येते, बुडवता येत नाही. शरीर तिचा हिशेब ठेवते आणि वसुली नको त्या वेळी करते. वरील मुलाचाच हिशेब मांडू. शनिवारी रात्री तीन वाजेपर्यंत जागरण, मग चार तासांची अर्धवट झोप, रविवारी सकाळी सातला उठणे, दिवसभर ऊन आणि समुद्र, रात्री दहाला निघणे. पहाटे चार वाजता तो सलग एकवीस तास जागा होता आणि आदल्या रात्रीची बाकी डोक्यावर होतीच.

१९९७ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी या विषयावर एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांना असे दिसून आले, की माणूस सलग सतरा तास जागा राहिला की त्याच्या हाताची व नजरेची सांगड, रक्तात १०० मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम मद्य असलेल्या माणसाइतकी बिघडते. चोवीस तास जागरण झाल्यास ती सुमारे १०० मिलिग्रॅम मद्य असलेल्या माणसासारखी होते. आपल्याकडे वाहन चालवणाऱ्यासाठी कायद्याची मर्यादा ३० मिलिग्रॅम आहे. म्हणजे एक थेंबही न घेतलेला मुलगा पहाटे चार वाजता प्यायलेल्या ड्रायव्हरसारखाच असतो. पोलिसांच्या यंत्रात मात्र हे दिसत नाही.

शिवाय मेंदूत एक घड्याळ असते. रात्री दोन ते पहाटे पाच या वेळात ते शरीराला झोपेकडे सर्वांत जोराने ओढते. दुपारी दोन ते चार या वेळातही अशीच, पण सौम्य ओढ असते. या वेळी डोळे उघडे असतानाही मेंदू तीन-चार सेकंद झोपी जाऊ शकतो आणि झोपणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी तीन सेकंदांत ५० मीटर जाते. तेवढे अंतर ती कुणीच चालवत नसते. ब्रेकची खूण का नसते, हे यावरून ध्यानात येईल.

झोप येऊ लागल्याची लक्षणे ओळखायला शिका. वरचेवर जांभया येणे, डोळे चुरचुरणे, गाडी पट्ट्याबाहेर सरकणे, चुकीचा गिअर पडणे, वळण चुकणे आणि मागच्या दोन-चार किलोमीटरचा रस्ता न आठवणे ही ती लक्षणे होत. यांपैकी एक जरी आढळले तरी थांबावे. तोंडावर पाणी मारणे, मोठ्याने गाणी म्हणणे, तंबाखू किंवा सिगारेट हे उपाय पाच-दहा मिनिटांपुरते असतात. खरा उपाय एकच. उजेडाच्या सुरक्षित ठिकाणी, पेट्रोलपंपावर किंवा एस.टी. स्टँडवर गाडी लावावी, कपभर चहा-कॉफी घ्यावी आणि पंधरा-वीस मिनिटे डोळे मिटून पडावे. चहाचा परिणाम व्हायला साधारण अर्धा तास लागतो, म्हणून चहा आधी आणि डुलकी नंतर. तरीही झोप जात नसेल तर उरलेली रात्र तिथेच काढावी. ही डुलकी पूर्ण झोपेची भरपाई नव्हे, हेही विसरू नये.

सर्दीच्या आणि गाडी लागण्याच्या अनेक गोळ्यांनी झोप येते. प्रवाशाने त्या निघण्यापूर्वी अर्धा ते एक तास घ्याव्यात. चालवणाऱ्याने घेऊच नयेत. मद्याबरोबर तर कुणीच घेऊ नयेत.

बाटलीचा हिशेब

न पिणे सर्वांत उत्तम, हे डॉक्टर म्हणून सांगणे माझे कर्तव्य आहे. पण नुसते तेवढे सांगून थांबलो तर ज्यांना गरज आहे ते पान उलटतील. गोव्यात मद्यासाठी वयाची अट १८ वर्षे आहे. महाराष्ट्रात बिअरला २१ आणि कडक मद्याला २५ आहे. बांद्याच्या पुढे गेल्यावर कायदा बदलतो, यकृत बदलत नाही.

व्हिस्कीच्या ३० मिलिलिटरच्या एका पेगात सुमारे १० ग्रॅम मद्यार्क असतो. 'बिअर म्हणजे काही दारू नव्हे' असे मुले म्हणतात. ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या ६५० मिलिलिटरच्या एका बाटलीत सुमारे ४० ग्रॅम मद्यार्क असतो. म्हणजे एक बाटली बरोबर चार पेग. साठ किलो वजनाच्या तरुणाच्या रक्तात त्याने साधारण १०० मिलिग्रॅमपर्यंत मद्य जाते. मुलींच्या शरीरात पाण्याचे प्रमाण कमी असल्याने तेवढ्याच मद्याने त्यांच्या रक्तातील प्रमाण अधिक होते.

यकृत तासाला साधारण १५ मिलिग्रॅम या गतीने हे प्रमाण उतरवते. ही गती लिंबूपाणी, थंड पाण्याची आंघोळ, कॉफी किंवा ओकारी यांपैकी कशानेही वाढत नाही. एक बाटली रात्री बारा वाजता संपवली तर रक्त स्वच्छ व्हायला सकाळचे साडेसहा वाजतात. दोन बाटल्या घेतल्या तर दुसऱ्या दिवशी दुपारचा एक! सकाळी उठून, दात घासून, पोहे खाऊन गाडीला किक मारणारा मुलगा स्वतःला शुद्धीवर समजतो, पण हिशेब काही वेगळेच सांगतो. हे आकडे अंदाजाचे आहेत. माणसागणिक फरक पडतो. म्हणून 'मला चढत नाही' यावर गाडी चालवू नये.

मित्र बेशुद्ध पडला तर

'झोपू दे त्याला, सकाळी उतरेल' हे वाक्य धोक्याचे आहे. बेशुद्ध माणूस उताणा झोपला असता ओकारी झाली तर ती श्वासनलिकेत जाते आणि माणूस दगावतो.

त्याला कुशीवर वळवा. वरच्या बाजूचा पाय गुडघ्यात दुमडा, मान किंचित मागे आणि तोंड खालच्या दिशेला ठेवा. पांघरूण घाला. एकट्याला सोडू नका, आळीपाळीने शेजारी बसा. दही, लिंबू, कॉफी, काहीही तोंडात घालू नका. मुद्दाम ओकारी काढू नका. गार पाण्याखाली धरू नका. मद्याने शरीर आधीच थंड पडलेले असते.

हाका मारून, चिमटा काढूनही जाग येत नसेल, श्वास मिनिटाला आठपेक्षा कमी असेल किंवा दोन श्वासांत दहा सेकंदांहून अधिक खंड पडत असेल, ओठ निळसर पडले असतील किंवा झटके आले असतील, तर क्षणाचाही विलंब न लावता १०८ ला फोन करा. ही रुग्णवाहिका महाराष्ट्रात आणि गोव्यातही मिळते. ११२ हा क्रमांक देशभर चालतो. घरी कळेल या भीतीने मुले फोन करत नाहीत. घरी ओरडा बसेल, बसू द्या. ओरडा खाऊन कुणी मरत नाही.

समुद्र आणि पोट

१ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याच्या एका महाविद्यालयाच्या सहलीतील १४ विद्यार्थी बुडाले. ते भरदुपारी, मित्रांसोबत पाण्यात उतरले होते. गुडघाभर पाणीही ओहोटीच्या वेळी माणसाला आत ओढू शकते. स्थानिक कोळ्यांना विचारल्याशिवाय पाण्यात उतरू नये. लाल बावटा असेल तिथे, अंधारात, पावसाळ्यात आणि मद्य घेतल्यावर तर मुळीच उतरू नये. प्रवाहाने आत ओढलेच तर सरळ किनाऱ्याकडे पोहण्याचा आटापिटा करू नका, त्यात दम संपतो. तरंगत राहा, हात वर करून मदत मागा आणि पोहता येत असेल तर किनाऱ्याला समांतर पोहत प्रवाहाबाहेर पडा.

पोटाबद्दल थोडक्यात. गरम गरम समोर शिजलेले खावे. कापून ठेवलेली फळे, उघडी चटणी आणि बर्फ टाळावा. जुलाब लागल्यास जलसंजीवनी घ्यावी. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे, चमचा चहाचा. शौचातून रक्त पडत असेल, लघवी बंद झाली असेल किंवा जोराचा ताप असेल तर घरगुती उपचार करत बसू नये.

आईवडिलांसाठी

मुले जाणारच. आपण 'नको' म्हटले तर 'मित्राच्या खोलीवर अभ्यासाला जातो' असे सांगून जातात आणि मग अडचणीत आपल्याला फोन करू शकत नाहीत. कोठे, कुणाबरोबर, कोणत्या गाडीने, एवढे विचारावे आणि एक गोष्ट स्पष्ट सांगावी: "उशीर झाला तर तिथेच राहा. खोलीचे पैसे मी देईन. सकाळी झोपून, खाऊन मग नीघ. सोमवारचे कॉलेज बुडाले तरी चालेल." हे वाक्य जाण्यापूर्वी सांगावे, रात्री अकरा वाजता फोनवर नव्हे. गाडी चालू असताना तर फोन करूच नये.

अपघात पाहून थांबणाऱ्यांनाही एक सांगतो. मदत करणाऱ्या माणसाला कायद्याचे संरक्षण आहे. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात तशी तरतूद झाली. जखमीला सोडून पुढे जाऊ नका.

लक्षात ठेवा

१. रात्री दहा ते पहाटे पाच मोटारसायकलने लांबचा प्रवास नको. रात्रीच निघायचे असेल तर एस.टी. किंवा रेल्वे.

२. निघण्यापूर्वी किमान सहा-सात तासांची झोप. दर दोन तासांनी विश्रांती.

३. हेल्मेट दोघांनाही, पट्टा बांधून. तिसरा माणूस गाडीवर नकोच.

४. आदल्या रात्री घेतली असेल तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गाडीची किल्ली दुसऱ्याकडे.

५. मागे बसणाऱ्याने बोलत राहावे. त्याला डुलकी लागली तर चालवणाऱ्यालाही लागते असे समजून थांबावे.

मांडी मोडलेला तो मुलगा आता नोकरीला आहे. थोडा लंगडतो. मध्यंतरी दवाखान्यात आला होता, तेव्हा म्हणाला, "डॉक्टर, आजऱ्यात थांबूया असं मी दोनदा म्हणालो होतो. तिसऱ्यांदा म्हटलं नाही." तरुण मित्रांनो, तुम्ही तिसऱ्यांदा म्हणा.