ग्रामनिधी

पूर्वी एखादी महत्त्वाची वार्ता साऱ्या गावाला कळवावयाची असली, म्हणजे दवंडी पिटीत असत. दवंडीचा आवाज कानी पडताच माणसे हातचे काम टाकून दारात येत. सारा केव्हा भरावयाचा, साहेब गावाला केव्हा येणार, अशा गोष्टी दवंडीने कळत. परंतु दवंडीला उत्तर देण्याची सोय नव्हती. गावाने ऐकावे आणि सांगितल्याप्रमाणे वागावे, एवढाच तिचा अर्थ होता.

आज ग्रामपंचायतीच्या फलकावर ग्रामसभेची सूचना लागते. तिचा अर्थ मात्र निराळा आहे. ती गावाला आज्ञा करीत नाही, तर प्रश्न विचारते : गावाजवळ इतका पैसा आहे, तो कोणत्या कामी लावावा?

गावाच्या या पैशाला ग्रामनिधी असे म्हणतात. घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्तीचा कर, बाजारातील फी अशा अनेक वाटांनी तो जमतो. त्यात शासनाकडून मिळणाऱ्या अनुदानाची भर पडते. हे अनुदान काही वेळा विशिष्ट कामासाठीच मिळते. उदाहरणार्थ, पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी गावांना जो निधी देऊ केला, त्यातील ६० टक्के भाग पिण्याचे पाणी आणि स्वच्छता यांसाठी राखून ठेवला होता. उरलेला भाग कोठे खर्च करावा, हे गावाच्या गरजेवर सोपविले होते.

ग्रामनिधीचा व्यवहार ग्रामपंचायत पाहते. पण तो पैसा सरपंचाचा नव्हे की सदस्यांचाही नव्हे. गावच्या मतदारयादीत ज्याचे नाव आहे, तो प्रत्येक स्त्रीपुरुष ग्रामसभेचा सभासद होय. महाराष्ट्रातील ग्रामपंचायतींचा कायदा १९५८ साली झाला. पुढे १९९३ साली त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती अमलात आली आणि ग्रामसभेला भारताच्या राज्यघटनेत स्थान मिळाले. गेल्या वर्षीचा जमाखर्च आणि पुढील वर्षी करावयाची कामे ग्रामसभेपुढे मांडावी लागतात. शासकीय योजनांचा लाभ गावातील कोणाला मिळावा, याची निवडही तेथेच होते. ग्रामसभेच्या आधी स्त्रियांची स्वतंत्र सभा भरविण्याचीही तरतूद आहे. चारचौघांत बोलण्यास संकोचणाऱ्या बायकांचे म्हणणे त्यामुळे गावासमोर येऊ शकते.

ग्रामसभेत काय घडते, हे समजण्यासाठी एक कल्पित गाव घेऊ. या गावाच्या निधीत एकच काम होईल इतकी रक्कम शिल्लक आहे. बहुतेकांना वाटते, की चावडीसमोरच्या पटांगणात फरशी बसवावी. गावाला शोभा येईल. ठराव मांडला जातो. तेव्हा मागे बसलेली एक म्हातारी उठून म्हणते, “सरपंचबाई, पटांगण तुम्ही रोज बघता. आमची वस्ती ओढ्यापलीकडं. उन्हाळ्यात आमच्या पोरी दोन हंड्यांसाठी अर्धा दिवस घालवतात. त्यांची शाळा बुडते, ती कुणाला दिसत न्हाई.” सभा क्षणभर गप्प होते. मग एकजण विचारतो, की वस्तीपर्यंत नळ नेण्यास किती खर्च येईल? हिशेब होतो, चर्चा होते, आणि शेवटी नळाचा ठराव संमत होतो. म्हातारी त्या दिवशी घरीच राहिली असती, तर पटांगणात फरशी बसली असती आणि तिच्या नाती ओढा ओलांडीतच राहिल्या असत्या. निधी तोच, परंतु तो कोठे जाईल, हे सभेला कोण आले यावर ठरले.

असे घडले नाही, तर काय होते, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. ग्रामसभेस एकूण मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल, तितके लोक हजर असावे लागतात. तितके न जमल्यास सभा तहकूब होते. पण तहकूब सभा पुन्हा भरते, तेव्हा या संख्येचे बंधन राहत नाही. मग मूठभर माणसांनी घेतलेला निर्णय साऱ्या गावाचा ठरतो. घरी बसलेल्यांना पुढे कुरकुर करण्यापलीकडे फारसे काही उरत नाही.

उलट, गाव एकत्र बसले तर काय साधते, याचे उदाहरण अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावाने घालून दिले. हा प्रदेश कमी पावसाचा. दुष्काळाने गांजलेली अनेक कुटुंबे पोटासाठी गाव सोडून गेली होती. १९८९ साली पोपटराव पवार तेथील सरपंच झाले. गावाने एकत्र बसून झाडे तोडण्यावर आणि मोकाट चराईवर बंदी घातली, श्रमदान केले, डोंगरउतारावर चर खणून पाणी अडविले. १९९४ साली गावाचा आदर्श गाव योजनेत समावेश झाला आणि शासनाचा निधी गावाच्या घामाला येऊन मिळाला. पुढे तर हे गाव पैशाप्रमाणेच पाण्याचाही ताळेबंद मांडू लागले. पाऊस किती पडला, ते मोजावयाचे. माणसांच्या व गुरांच्या पिण्याचे पाणी आधी बाजूला काढावयाचे. आणि उरलेल्या पाण्यावर कोणती पिके घ्यावीत, ते ग्रामसभेत ठरवावयाचे, अशी रीत तेथे पडली. गाव सोडून गेलेली कित्येक कुटुंबे परत आली.

अनुदान अनेक गावांना मिळते. परंतु सर्वच गावे सारखी सुधारत नाहीत. विहिरीत पाणी असले, तरी पोहरा सोडल्यावाचून ते वर येत नाही. फलकावरील सूचना वाचणे, सभेला जाणे, हिशेब विचारणे आणि ज्यांचा आवाज लहान आहे त्यांचे म्हणणे ऐकून घेणे, हाच तो पोहरा होय.

स्वाध्याय
१. दवंडी आणि ग्रामसभेची सूचना यांत कोणता फरक आहे?
२. म्हातारीच्या बोलण्याने सभेचा निर्णय का बदलला?
३. तुमच्या गावातील किंवा प्रभागातील फलकावर कोणत्या सूचना लागतात, ते पाहून वहीत लिहा.