कात बोलते, पण अर्धेच

किंगस्नेक शुद्ध वंशाचा आहे, हे नुसते बघून कुणालाच सांगता येत नाही. संकर आहे, हे कधीकधी सांगता येते. एवढा फरक ध्यानात ठेवलात तर पुष्कळ मनस्ताप वाचेल. अमेरिकेतल्या मराठी घरांत मुलांच्या हौसेपायी हा साप येऊ लागला आहे, त्यांच्यासाठी मुद्दाम लिहिते. आपल्याकडच्या नागराजाशी याचे नाते नाही. हा बिनविषारी, दुसऱ्या सापांना गिळणारा आणि रॅटलस्नेकच्या विषालाही दाद न देणारा प्राणी.

मी ॲरिझोनात कॅलिफोर्निया किंगस्नेकची पैदास करते. एका प्रदर्शनात एका विक्रेत्याकडून एकाच वेताची नर-मादी जोडी घेतली. काळ्या अंगावर पांढरे पट्टे, खवले गुळगुळीत, बोट ठेवायला जागा नाही. पुढे त्यांची पिल्ले अंड्यांतून निघाली ती बहुतेक आईबापांच्या वळणाची. काहींची डोकी मात्र निमुळती होती, पाठीवर पट्ट्यांऐवजी तांबूस डाग आणि पोटावर बुद्धिबळाच्या पटासारखी काळी-पांढरी घरे. असे पोट कॉर्न स्नेकचे असते. विक्रेत्याला खोदून विचारल्यावर त्याने सांगितले, की जोडीच्या आजी-आजोबांत एक ‘जंगल कॉर्न’ होता. म्हणजे किंगस्नेक आणि कॉर्न स्नेक यांचा संकर.

हे दोन साप नुसते वेगवेगळ्या प्रजातींचे नव्हेत, तर वेगळ्या जीनसचे, म्हणजे प्रजातींच्या वरच्या गटाचे. तरी नराला वासाने चकवून त्यांची जोडी लावतात आणि होणारी पिल्ले वांझ नसतात. खरा धोका इथे आहे. पहिल्या पिढीचा संकर बहुधा ओळखू येतो. तोच पुन्हा किंगस्नेकशी लावला, पुढच्या पिढीत पुन्हा लावला, की दिसायला किंगस्नेकच उरतो आणि आतले कॉर्नचे गुण भावंडांची जोडी लागेपर्यंत दडून राहतात.

म्हणून साप घेण्याआधी त्याची कात मागा. कोमट पाण्यात भिजवून पसरली की जिवंत सापावर न दिसणाऱ्या गोष्टी उजेडात वाचता येतात. किंगस्नेकचे पाठीवरचे खवले सपाट असतात. कॉर्नच्या पाठीच्या मधल्या ओळींवर बारीक उभी धार असते. शेपटी सुरू होते तिथे गुदद्वार झाकणारा खवला किंगस्नेकला अखंड, कॉर्नला दुभंगलेला. धार किंवा दुभंग सापडला तर व्यवहार थांबवा. सापडला नाही तर फक्त एवढेच कळले, की या कातीत खूण नाही.

शिवाय प्युएब्लन मिल्क स्नेकशी केलेल्या संकरात कात काहीच मदत करत नाही. मिल्क आणि किंग एकाच जीनसमधले. दोघांचे खवले गुळगुळीत, गुदद्वारावरचा खवला दोघांचा अखंड. अशा वेळी लोक रंगावर विसंबतात, आणि रंगाइतका दगाबाज साक्षीदार नाही. कॅलिफोर्नियातले उभ्या रेघेचे आणि आडव्या पट्ट्यांचे किंगस्नेक एके काळी दोन वेगळ्या प्रजाती मानले जात. सॅन दिएगोच्या लॉरेन्स क्लॉबर यांनी एकाच मादीच्या अंड्यांतून दोन्ही नमुने निघताना दाखवले आणि 1936 मध्ये ते मांडले. तेव्हा चमत्कारिक नक्षी दिसली की ‘संकर, संकर’ म्हणून एखाद्या चांगल्या सापाला बाद करणे हाही अन्यायच. मला तर तो जास्त लागतो, कारण त्यामुळे एखादी अस्सल वंशरेषा कायमची संपू शकते.

आग्नेय ॲरिझोनात कॅलिफोर्निया आणि डेझर्ट किंगस्नेकचे प्रदेश भिडतात आणि तिथे रानातच मधल्या रूपाचे साप आढळतात. त्यांना पिंजऱ्यातल्या संकराच्या पंगतीला बसवू नका. दोघांतला फरक अंगावर नसतो, मूळ ठिकाणाच्या नोंदीत असतो. टेक्सासचा ग्रे-बँडेड किंगस्नेक पाळणारे जुने लोक पूर्वज कुठल्या रस्त्याच्या कडेला सापडला हे पिढ्यान्‌पिढ्या लिहून ठेवतात. ही शिस्त मला सर्वांत मोलाची वाटते.

डीएनए तपासणीवरही डोळे मिटून विसंबू नका. मायटोकाँड्रियाचा डीएनए आईकडूनच येतो. आईकडून आई अशी सरळ रेष किंगस्नेकची असेल, तर बापाकडून आलेला कॉर्न त्यात दिसणारच नाही.

विक्रेत्याला विचारायचे ते असे: आईबाप दाखवाल का, त्यांचे आईबाप कुणाकडून आले, मूळ साप कुठल्या भागातले, आणि तुमच्याकडे कॉर्न किंवा मिल्कची पैदास होते का? ‘माहीत नाही’ हे उत्तर प्रामाणिक आहे. असा साप आनंदाने पाळा, पण शुद्ध म्हणून त्याची पैदास करू नका. ‘शंभर टक्के शुद्ध’ म्हणून नोंद दाखवायला टाळाटाळ करणाऱ्याकडून काहीच घेऊ नका.

संकर निघालेल्या पिल्लांचा यात दोष नाही. ती खातात-पितात, वीस वर्षे सहज जगू शकतात. कुणाला द्यायची तर चिठ्ठीवर ‘संकर’ आणि माहीत असलेली वंशावळ लिहून, केवळ पाळण्यासाठी द्या. नको झाली म्हणून बाहेर तर कधीच सोडू नका. स्पेनच्या ग्रान कनारिया बेटावर पाळीव कॅलिफोर्निया किंगस्नेक मोकळे सुटले आणि मूळचे फक्त याच बेटावरचे मोठे सरडे, हे साप पसरले त्या भागांतून जवळजवळ नाहीसे झाले. माझ्याकडची ती जोडी आता वेगवेगळ्या पिंजऱ्यांत आहे आणि दोन्ही पिंजऱ्यांवर मी ‘पैदाशीसाठी नाही’ असे लिहिले आहे.