मोहावीच्या वाळवंटांतील विमानतळ

वाळवंट म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें वाळूच्या टेकड्या आणि उंटांचे तांडे उभे राहतात. विमानास उतरण्यास अशी जागा काय कामाची, असें कोणासही वाटेल. परंतु अमेरिकेंतील कॅलिफोर्निया संस्थानांत, लॉस एंजेलिस शहराच्या उत्तरेस डोंगरांपलीकडे मोहावी नांवाचें जें वाळवंट आहे, त्यांत निसर्गानें स्वतःच एक विमानतळ तयार करून ठेविला आहे. सुमारें ४४ चौरस मैलांचें हें मैदान म्हणजे रॉजर्स नांवाचें कोरडें सरोवर. त्याच्या कांठीं आज एडवर्ड्स हा अमेरिकेचा लष्करी विमानतळ आहे.

वर्षांतील बहुतेक काळ ह्या सरोवरांत पाण्याचा थेंब नसतो. भोंवतालच्या डोंगरांवरून आलेल्या पाण्यास समुद्राकडे जाण्याची वाट नाहीं. त्याबरोबर आलेला बारीक गाळ हजारों वर्षें तेथेंच सांचत राहिला. उन्हाळ्यांत आपल्याकडील तळें आटलें म्हणजे चिखल भेगाळून त्याच्या खपल्या होतात, हें विद्यार्थ्यांनीं पाहिलेंच असेल. मोहावींतही तसेंच होतें. परंतु हिवाळ्यांत तेथें थोडा पाऊस पडतो, सरोवरांत उथळ पाणी सांचतें, आणि जोराचा वारा तें पाणी ह्या कांठापासून त्या कांठापर्यंत लोटीत राहतो. ओला गाळ भेगांत भरतो, चाकांच्या जुन्या खुणा पुसल्या जातात, आणि पाणी आटल्यावर सारा पृष्ठभाग थापी फिरवून गिलावा केल्यासारखा सपाट होतो. पुढें उन्हानें तो इतका टणक होतो, कीं जड विमानेंही त्यावर खुशाल उतरतात. ह्याच गाळांत कोळंबीच्या जातीच्या बारीक जीवांचीं अंडीं वर्षानुवर्षें निपचित पडून असतात. पाणी येतांच त्यांतून जीव बाहेर येतात व त्यांना टिपण्यास पक्षी जमतात. विमानांच्या हकीकतींत ह्यांचें काय काम, असें कोणी म्हणेल. पण ह्या जागेचे मूळचे रहिवासी तेच होत!

१९१० च्या सुमारास कोरम नांवाचें एक कुटुंब येथें शेती करण्यास आलें. वस्तीस आपलेंच नांव मिळावें अशी त्यांची इच्छा होती. परंतु तशाच नांवाचें एक टपालघर आधींच होतें, म्हणून त्यांनीं आपल्या नांवाचीं अक्षरें उलटीं मांडलीं व गांवास म्युरॉक हें नांव मिळालें. १९३३ सालीं हेन्री आर्नल्ड ह्या सेनाधिकाऱ्यानें विमानांतून बाँब टाकण्याच्या सरावासाठीं ही जागा निवडली. दुसऱ्या महायुद्धांत तर ह्या वाळवंटांत जपानी युद्धनौकेची लांकडी प्रतिकृति उभारून तीवर नेमबाजीचा सराव चालत असे. पुढें तळ वाढला, तसतशा भोंवतालच्या रहिवाशांना जमिनी सोडाव्या लागल्या. तळाचे गोडवे गाणारे लेखक हा भाग सहसा गाळतात.

१९४२ च्या ऑक्टोबरांत अमेरिकेचें पहिलें जेट विमान येथेंच उडालें. ही गोष्ट इतकी गुप्त होती, कीं विमान जमिनीवर असतांना त्याच्या नाकास खोटा पंखा लावून ठेवीत. पाहणारास तें साधें विमान वाटावें.

ह्या तळाची कीर्ति झाली ती ध्वनीच्या वेगामुळें. जमिनीलगत ध्वनि ताशीं सुमारें ७६० मैल जातो. उंचावरील थंड हवेंत हा वेग कमी होतो. विमान ह्या वेगाजवळ आलें कीं पुढची हवा दबते, विमान थरथरूं लागतें, सुकाणूं जुमानीत नाहीं. १९४६ सालीं जेफ्री द हॅविलँड हा इंग्रज वैमानिक अशाच वेगवान उड्डाणांत विमान मोडून मरण पावला होता. अमेरिकेनें ह्या कामासाठीं बंदुकीच्या गोळीच्या आकाराचें ‘एक्स-१’ हें विमान बनविलें. मोठें बाँबफेकी विमान त्यास पोटाखालीं धरून वर नेई व तेथून सोडी. मग त्याचें अग्निबाण-इंजिन पेटे. इंधन कांहीं मिनिटांतच संपे, आणि वैमानिक इंजिनावांचून तरंगत खालीं येऊन सरोवरावर उतरे.

कप्तान चार्ल्स येगर हा तेव्हां २४ वर्षांचा होता. आठवड्यामागून आठवडे तो थोडथोडा वेग वाढवीत गेला. एका उड्डाणांत शेपटीची हलणारी पट्टी अगदींच निकामी झाली. तेव्हां जॅक रिडली ह्या त्याच्या इंजिनियर मित्रानें सुचविलें कीं, पट्टीऐवजीं शेपटीचा सबंध आडवा पंखाच थोडा फिरवून पाहावा. तो उपाय लागू पडला. अखेरच्या उड्डाणापूर्वीं घोड्यावरून पडून येगरच्या बरगड्या मोडल्या. दार आंतून लावतां येईना, म्हणून रिडलीनेंच झाडूच्या दांड्याचा तुकडा कापून त्यास दिला. दांड्याची गोष्ट सर्वांच्या तोंडीं आहे, परंतु आमच्या मतें शेपटीची गोष्ट अधिक मोलाची. १९४७ च्या ऑक्टोबरच्या १४ तारखेस येगरनें सुमारें ४३,००० फूट उंचीवर ताशीं ७०० मैलांचा वेग गांठला व ध्वनीस मागें टाकलें.

सर्वांचेंच नशीब असें नव्हतें. ५ जून १९४८ रोजीं शेपटी नसलेलें, केवळ पंखांचेंच बनलेलें एक मोठें विमान येथें कोसळून पांचही जण ठार झाले. त्यांत कप्तान ग्लेन एडवर्ड्स होता. १९४९ च्या अखेरीस तळास त्याचेंच नांव देण्यांत आलें. १९६७ सालीं विल्यम नाइट ह्यानें ‘एक्स-१५’ विमानांतून ताशीं ४,५२० मैलांचा वेग गांठला. त्यानंतर दीड महिना होतो न होतो तोंच त्याच जातीचें विमान मोडून मायकेल अ‍ॅडम्स मरण पावला. तळावरील अनेक रस्त्यांना अशा मृत वैमानिकांचीं नांवें आहेत.

अवकाशांतून परतणारें ‘कोलंबिया’ हें यान १४ एप्रिल १९८१ रोजीं प्रथम ह्याच सरोवरावर उतरलें. अशा यानास उतरतांना इंजिनाचा आधार नसतो. एकदां चुकलें तर पुन्हां वर जातां येत नाहीं. म्हणूनच येथील मैलोगणती मोकळ्या मैदानाची किंमत. पुढें २००९ पर्यंत हीं यानें एकंदर ५४ वेळां ह्या तळावर उतरलीं.

१९८२ च्या मार्चमध्यें मात्र गंमत झाली. पावसानें सरोवर ओलें होतें, आणि कोलंबियास न्यू मेक्सिकोमधील दुसऱ्या वाळवंटांत उतरावें लागलें. जें पाणी हें मैदान घडवितें, तेंच तें बंदही करतें. आजही नव्या विमानांची परीक्षा येथें चालते. २०२३ च्या नोव्हेंबरांत ‘बी-२१’ हें बाँबफेकी विमान आपल्या पहिल्या उड्डाणानंतर येथेंच उतरलें. काँक्रीटच्या धांवपट्ट्या आहेतच. परंतु पाऊस पडला कीं सरोवरावरील पट्ट्या बंद ठेवितात, आणि गाळ पुरता वाळून टणक झाला आहे ह्याची खात्री करून घेतल्यावरच त्या पुन्हां खुल्या करितात.