मेटफॉर्मिन, व्होग्लिबोज आणि आतड्यातले जिवाणू

मेटफॉर्मिन यकृतावर काम करते, एवढेच बहुतेक मधुमेहींना सांगितले जाते. प्रत्यक्षात गोळीतले साधारण निम्मेच औषध रक्तात उतरते, बरेचसे आतड्यात राहते. आतड्याच्या अस्तरात त्याचे प्रमाण रक्तातल्यापेक्षा ३० ते ३०० पट असू शकते. तिथल्या जिवाणूंवर त्याचा परिणाम होणारच.

संशोधकांनाही हे उशिरा उमगले. २०१२ मध्ये चीनमध्ये आणि २०१३ मध्ये स्वीडनमध्ये टाइप २ मधुमेहींच्या आतड्यातील जिवाणूंचे अभ्यास झाले, पण त्यांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळेनात. २०१५ मध्ये ‘नेचर’मधील अभ्यासाने उलगडा केला : आजाराच्या म्हणून नोंदलेल्या काही खुणा मेटफॉर्मिनच्या होत्या. औषध घेणाऱ्यांत एशेरिकिया गटाचे जिवाणू वाढतात आणि इंटेस्टिनिबॅक्टर घटतात. मेटफॉर्मिन घेतलेल्या रुग्णांचे जिवाणू २०१७ मध्ये जंतुविरहित उंदरांच्या आतड्यात सोडले, तेव्हा काही उंदरांची साखर अधिक चांगली आटोक्यात राहिली. म्हणजे औषधाच्या गुणाचा काही वाटा जिवाणूंमार्फत येत असावा.

त्रासाचा उगमही आतड्यातच आहे. पोट फुगणे, मळमळ, जुलाब या तक्रारी दर चार-पाच रुग्णांतल्या एकाला तरी होतात. आतड्यात पित्ताम्ले नीट शोषली न जाणे हे त्याचे एक कारण मानले जाते. वर्षानुवर्षे सोसलेली गोळी, मात्रा तीच असताना, अचानक बाधू लागते असेही घडते. हे डॉक्टरांच्या खोलीत कोणी बोलत नाही.

प्रस्तुत लेखकाच्या बाबतीत नेमके तेच घडले. जुलाबांचे खापर आधी लोणच्यावर, मग दुधावर, शेवटी ‘टेन्शन’वर फोडले गेले. पोटाच्या औषधांची यादी लांबत गेली. साखरेच्या गोळीबद्दल एकाही तज्ज्ञाने विचारले नाही. अखेर पोटाचा सीटी स्कॅन ठरला. शिरेतून रंगद्रव्य द्यायचे म्हणून मेटफॉर्मिन थांबवले आणि जुलाब थांबले. गोळी पुन्हा सुरू झाली, जुलाबही परतले. याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा होता? हे सांगितल्यावर ‘योगायोग असतो’ एवढेच उत्तर मिळाले, तेही मोबाइलवरची नजर न हलवता. दुसऱ्या डॉक्टरांनी सावकाश विरघळणारी गोळी दिली आणि पोट जागेवर आले. मधल्या काळातला खर्च आणि घराबाहेर पडण्याची भीती भरून देणारे कोणी नाही.

म्हणून पोटाची तक्रार नेताना साखरेच्या गोळ्यांची पाकिटेच सोबत न्यावीत आणि त्रास केव्हा सुरू झाला, मात्रा किंवा कंपनी केव्हा बदलली, हे लिहून द्यावे. ‘हे गोळीमुळे असेल का?’ हा प्रश्न रुग्णालाच विचारावा लागतो. गोळी जेवणासोबत घ्यावी. मात्रा ५०० मिलिग्रॅमपासून हळूहळू वाढवून मागावी. सावकाश विरघळणारी गोळी मोडू किंवा चावू नये. तिचे रिकामे कवच शौचात दिसले तरी घाबरू नये, त्यातले औषध शरीरात गेलेले असते. गोळी मनाने बंद करू नये. पाणी पुरेसे प्यावे, तपासण्या वेळेवर कराव्यात.

व्होग्लिबोज आणि अकार्बोज यांची गोष्ट वेगळी आहे. मधुमेहावरची ही औषधे पिष्टमय पदार्थांचे पचन लांबवतात. न पचलेला भात-पोळीचा अंश मोठ्या आतड्यात पोहोचतो, तिथले जिवाणू तो आंबवतात आणि वायू धरतो. अकार्बोजला निकामी करणारी विकरे काही जिवाणूंकडे असल्याचे २०२१ मध्ये दिसून आले. भारतात मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड आणि व्होग्लिबोज एकाच गोळीत सर्रास मिळतात. अशा गोळीवर साखर एकदम उतरली, तर घरातली साखर किंवा पेढा लवकर उपयोगी पडत नाही, कारण साखर फोडणारे विकरच औषधाने अडवलेले असते. ग्लुकोज पावडरच लागते. ही गोष्ट पाकिटावर ठळक छापायला हवी. ग्लुकोजचा पुडा खिशात, गाडीत आणि उशाशी ठेवावा, घरच्यांनाही तो दाखवून ठेवावा.

मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेणाऱ्यांत बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकते. त्यातून होणारी पायांची जळजळ आणि मुंग्या मधुमेहाच्याच म्हणून सोडून दिल्या जातात. शाकाहारी रुग्णांत या कमतरतेची शक्यता अधिक असते. बी-१२ची रक्ततपासणी ठरावीक काळाने मागून घ्यावी.