डिजिटल मल्टिमीटर : आकडा कसा येतो आणि कधी फसवतो

मेहकर, चिखली, मोताळा या भागांतील विहिरींवर थ्री फेज मोटारी चालतात. तीनपैकी एक फेज गेली, तर चालू मोटार घुमत राहते आणि अखेर तिचे वाइंडिंग जळते. टेस्टरचा दिवा वीज आहे एवढेच सांगतो. किती आहे, हे सांगत नाही. दोन फेजांमध्ये सुमारे ४१५ व्होल्ट हवेत, तेथे ३०० असतील तरी दिवा पेटतोच. धम्माचे एक लक्षण ‘एहिपस्सिको’, म्हणजे ये आणि स्वतः पाहा, असे आहे. विजेच्या बाबतीत पाहावयाचे ते मल्टिमीटरने.

त्याची रीत आम्ही विद्यार्थ्यांना टाकीच्या दाखल्याने समजावतो. अनोळखी धारेने टाकी ठराविक वेळ भरावी. मग माहीत असलेल्या धारेने ती रिकामी होण्यास किती वेळ लागतो, ते मोजावे. दोन वेळांच्या प्रमाणावरून अनोळखी धार कळते. टाकी लहान की मोठी, याला महत्त्व नाही, कारण भरणे आणि उपसणे एकाच टाकीत होते. बहुतेक साध्या मीटरांत टाकीच्या जागी कपॅसिटर असतो आणि वेळ घड्याळाच्या स्पंदांनी मोजला जातो. भरण्याचा काळ २० मिलिसेकंदांच्या पटीत ठेवला, की ५० हर्ट्झच्या घरगुती विजेची गुणगुण आपोआप वजा होते. ही युक्ती आम्हांला फार सुंदर वाटते.

काटेरी मीटरपेक्षा याचा मोठा लाभ वाचनाच्या सोयीहून वेगळा आहे. नऊ व्होल्टच्या बॅटरीला एक-एक मेगाओहमचे दोन रोध एकापुढे एक जोडा. मधल्या बिंदूवर ४.५ व्होल्ट असावेत. दर व्होल्टला २०,००० ओहमचा काटेरी मीटर १० व्होल्टच्या पट्ट्यावर तेथे सुमारे १.३ दाखवील, कारण तो स्वतःच प्रवाह ओढून घेतो. दहा मेगाओहमचा डिजिटल मीटर सुमारे ४.३ दाखवतो. मोजणाऱ्याने मोजल्या जाणाऱ्या वस्तूला शक्य तितके कमी बिघडवावे, हे त्याला अधिक साधते.

मात्र याच गुणामुळे तो फसवतोही. बंद केलेली तार चालू तारेशेजारून जात असेल, तर तिच्यावरही कित्येक व्होल्ट दिसतात. दिवा जोडला की ते नाहीसे होतात. याच्या उलट चूक जीवघेणी आहे. आता शेतांत सौर पंप आले आहेत. त्यांच्या पॅनलची वीज डीसी असते आणि एका ओळीत जोडलेल्या पॅनलांवर ती शेकडो व्होल्टपर्यंत जाते. मीटरचा खटका एसीवर राहिला, तर तेथे शून्य किंवा भलताच आकडा दिसू शकतो. शून्य पाहून हात घालणाऱ्याचे काय होईल, ते सांगावयास नको.

म्हणून तार निर्जीव आहे असे मानण्यापूर्वी मीटर आधी चालू असल्याची खात्री असलेल्या त्याच प्रकारच्या विजेवर तपासावा, मग त्या तारेवर लावावा आणि पुन्हा पहिल्या जागी तपासावा. मधल्या वेळात बॅटरी उतरली किंवा प्रोबची तार आतून तुटली, तर ती या तिसऱ्या तपासणीतच सापडते.