स्वित्झर्लंडला जाताना : प्रवेश आणि सुरक्षितता

स्वित्झर्लंडची बर्फाच्छादित शिखरे आपण दिनदर्शिकांवर आणि चित्रपटांत इतक्या वेळा पाहिली आहेत की तो देश ओळखीचाच वाटू लागतो. परंतु चित्र पाहणे वेगळे आणि त्या भूमीवर पाऊल ठेवणे वेगळे. आमच्या घरात आजवर कुणाचाच पासपोर्ट नाही. अशा घरातला माणूस परदेशी निघाला की दलाल सांगेल तेच खरे धरून चालतो. म्हणूनच हे नियम समजून घ्यावेत असे वाटले.

स्वित्झर्लंड युरोपीय संघाचा सभासद नाही; तेथील चलनही युरो नसून फ्रँक आहे. तथापि डिसेंबर २००८ पासून तो शेंगेन व्यवस्थेत आहे. १९८५ साली लक्झेंबर्गमधील शेंगेन या गावी झालेल्या करारातून ही व्यवस्था उभी राहिली. त्यामुळे भारतीय पर्यटकाला शेंगेन व्हिसा काढावा लागतो. कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येते आणि ते सर्व शेंगेन देशांत मिळून मोजले जातात. फ्रान्समध्ये ६० दिवस घालवले तर स्वित्झर्लंडसाठी ३०च उरतात.

पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत दिलेला असावा, परतीच्या तारखेपुढे निदान तीन महिने त्याची मुदत असावी आणि त्यात दोन पाने कोरी असावीत. आजारपणासाठी किमान ३०,००० युरोचा विमा लागतो. अनेक देश पाहायचे असल्यास, जेथे मुक्काम सर्वांत अधिक, त्या देशाकडे अर्ज करावा.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. व्हिसा म्हणजे प्रवेशाचा हक्क नव्हे. मुक्कामाचा पत्ता, परतीचे तिकीट आणि खर्चाची तरतूद सीमेवरील अधिकारी विचारू शकतो. ही कागदपत्रे मोठ्या बॅगेत न टाकता हाताशी ठेवावीत. ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेन सीमांवर बोटांचे ठसे व छायाचित्र नोंदवण्याची पद्धत सुरू झाली. तेव्हा ‘चार दिवस जास्त राहिलात तर कुणाला कळणार?’ असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

आता सुरक्षिततेविषयी. मोठ्या स्थानकांवर आणि विमानतळाच्या गाड्यांत खिसेकापूंपासून सावध राहावे. पासपोर्ट हरवल्यास प्रथम पोलिसांत नोंद करावी व मग बर्न येथील भारतीय वकिलातीकडे जावे.

खरा धोका मात्र डोंगरात आहे. युंगफ्राउयोख हे रेल्वेस्थानक ३४५४ मीटर उंचीवर आहे. आपले कळसूबाई १६४६ मीटर. गाडीत बसून थोड्या वेळात एवढी उंची गाठल्यावर विरळ हवेने डोके दुखते, चक्कर येते. अशा वेळी हट्ट न धरता खाली उतरावे. पिवळ्या खुणांच्या वाटा सर्वसाधारण चालणाऱ्यांसाठी, पांढऱ्या-लाल-पांढऱ्या खुणांच्या डोंगरातल्या सवयीच्यांसाठी, तर पांढऱ्या-निळ्या-पांढऱ्या केवळ जाणकारांसाठी असतात. हिमनदीवरील बर्फाखाली खोल भेगा लपलेल्या असतात. वाटाड्याविना तेथे जाऊ नये. धरणाखालच्या नदीपात्रात पाणी एकाएकी वाढते, म्हणून तेथील सूचनाफलक वाचावेत. संकटकाळी ११२, पोलिसांसाठी ११७ आणि रुग्णवाहिकेसाठी १४४ हे क्रमांक जवळ असावेत.

नियमांची आपल्याला भीती वाटते, कारण ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकण्याची सवय आपल्याला लागलेली असते. ते स्वतः वाचले की त्यांतील बरेचसे आपल्याच रक्षणासाठी आहेत, हे कळते. प्रवास घडो वा न घडो, वाचता येणाऱ्याने आपला अर्ज दुसऱ्याच्या भरवशावर सोडू नये, एवढेच सांगावेसे वाटते.