सजीव मालाची ऑर्डर : मित्रकीटक पुरवठ्यासाठी सॉफ्टवेअरची मांडणी

साखर कारखान्यांच्या जैविक प्रयोगशाळा, शेतकरी उत्पादक कंपन्या आणि खासगी उत्पादक आता ट्रायकोकार्ड, जैविक बुरशीनाशके व कामगंध सापळे यांची मागणी ऑर्डर-व्यवस्थापन सॉफ्टवेअरवर घेऊ लागले आहेत. ही सॉफ्टवेअर मुख्यतः किरकोळ विक्रीसाठी तयार झालेली असतात. माल फळीवर थांबू शकतो आणि परत आलेला माल पुन्हा विकता येतो, ही त्यांची मूळ गृहीतके होत. सजीव मालाला ही दोन्ही लागू पडत नाहीत.

ट्रायकोग्रामा ही गांधीलमाशी किडीच्या अंड्यांतच आपली अंडी घालते. खोडकिडीची अळी अंड्यातून बाहेर पडून उसात शिरली, की ट्रायकोग्रामाचा उपयोग संपतो. उशिरा पोहोचलेल्या कार्डाचे पैसे परत करता येतात. निघून गेलेली वेळ परत करता येत नाही.

१. साठ्याची नोंद तुकडीनुसार

सामान्य तापमानात परोपजीवीकरणानंतर सुमारे ७ ते ८ दिवसांत कार्डावरील अंड्यांतून प्रौढ निघतात. म्हणून 'मुदत' महिन्यांत न ठेवता दिवसांत ठेवावी आणि प्रत्येक तुकडीसाठी परोपजीवीकरणाची व प्रौढ निघण्याची अपेक्षित तारीख नोंदवावी. १० अंश सेल्सिअसच्या आसपास कार्ड ठेवल्यास आतील वाढ मंदावते. त्यामुळे शीतकपाटात ठेवल्याची व बाहेर काढल्याची तारीख नोंदवून अपेक्षित तारीख सुधारण्याची सोय असावी. साठवण लांबल्यास प्रौढ निघण्याचे प्रमाण घटते; म्हणून साठवणुकीची कमाल मर्यादाही निश्चित करावी.

२. पाठवणीचा नियम

समजा, १ एप्रिलला परोपजीवीकरण झालेल्या तुकडीतून ८ एप्रिलला प्रौढ निघणार आहेत. कार्ड ७ एप्रिलपर्यंत शेतावर पोहोचले पाहिजे. प्रवासास दोन दिवस लागत असतील, तर पाठवणीची अंतिम तारीख ५ एप्रिल ठरते. एक दिवस लागत असेल, तर ६ एप्रिल. हे गणित सॉफ्टवेअरने पिन कोडनुसार आपोआप करावे आणि त्यात रविवार व सुट्ट्याही धराव्यात.

'ज्याची मुदत आधी संपते तो माल आधी पाठवा' हा प्रचलित नियम येथे जसाच्या तसा लावल्यास प्रौढ निघण्याच्या बेतात असलेली तुकडी सर्वांत दूरच्या गावी जाण्याचा धोका असतो. म्हणून प्रथम प्रवासाचे दिवस अधिक एक इतका अवधी शिल्लक असलेल्या तुकड्याच निवडाव्यात. त्यानंतरच त्यांपैकी आधीची तुकडी द्यावी.

३. एक ऑर्डर, अनेक पाठवण्या

उसासाठी हेक्टरी ५०,००० ट्रायकोग्रामा आणि एका कार्डावर सुमारे २०,००० अंडी धरल्यास १० हेक्टरांना एका वेळी २५ कार्डे लागतात. १० दिवसांच्या अंतराने चार प्रसारणे करावयाची असल्यास एकूण १०० कार्डे होतात. ती एकदम न पाठवता एकाच ऑर्डरखाली चार तारखांच्या पाठवण्या नोंदवाव्यात. अर्जात शेवटच्या व नियोजित रासायनिक फवारणीची तारीख भरणे अनिवार्य करावे. फवारणीच्या काळात सोडलेले मित्रकीटक जगत नाहीत.

४. परताव्याचे वर्ग

'परत आलेला माल आपोआप साठ्यात जमा करणे' ही सुविधा प्रथम बंद करावी. त्यानंतर मालाचे वर्ग ठरवावेत :

- ट्रायकोकार्ड व इतर सजीव मित्रकीटक : माल परत मागवू नये. तुकडी क्रमांक व छायाचित्र घेऊन बदली ऑर्डर द्यावी.
- ट्रायकोडर्मासारखी सूक्ष्मजीवजन्य उत्पादने : वाटेतील उष्णतेची खात्री नसल्याने तपासणी विभागातच ठेवावीत. मुदत संपलेला साठा वेगळा ठेवण्याची तरतूद कीटकनाशके नियम, १९७१ मध्ये आहे.
- कामगंध ल्युर : पाकीट सीलबंद आणि मुदतीत असल्यास तपासणीनंतरच स्वीकारावे.
- रिकामे सापळे : न वापरलेले व सुस्थितीत असल्यास साठ्यात जमा करता येतात.

कर बीजकावर दिलेला माल परत आल्यास केंद्रीय वस्तू व सेवाकर अधिनियम, २०१७ च्या कलम ३४ नुसार क्रेडिट नोट देता येते. ती मूळ बीजकाशी जोडलेली असावी.

५. तक्रारीतून निदान

परताव्याची कारणे ठरावीक यादीतूनच निवडावयास लावावीत : वाटेत प्रौढ निघाले, प्रौढ निघाले नाहीत, पॅकिंग फुटले, पत्ता सापडला नाही. प्रत्येक तुकडीची एक पट्टी प्रयोगशाळेत राखून तिच्यातून निघालेल्या प्रौढांचे प्रमाण नोंदवावे. राखीव पट्टी चांगली असूनही तक्रारी एकाच मार्गावरून येत असतील, तर दोष वाहतुकीत शोधावा; राखीव पट्टीही कमी पडल्यास तो उत्पादनात आहे, असे समजून त्या तुकडीची पुढील पाठवणी तत्काळ थांबवावी.

प्रत्यक्ष वापरापूर्वी जवळचे गाव, दूरचे गाव, सुट्टीचा दिवस, रद्द ऑर्डर व परतावा अशा पाच चाचणी ऑर्डर घालून पाहाव्यात. मुदतीत पोहोचू न शकणारी ऑर्डर सॉफ्टवेअरने स्वीकारली, तर मांडणी अपूर्ण आहे. अशा वेळी स्पष्ट नकार मिळाल्यास शेतकऱ्याला जवळचा पुरवठादार शोधण्यास वेळ मिळतो.